स्किन कलर, पण कोणाचा?

दादर असो, लक्ष्मी रोड असो, नाहीतर एखादा चकचकीत मॉल. काउंटरवर जा आणि 'स्किन कलरमध्ये दाखवा' म्हणा. समोरची मुलगी तुमच्या स्किनकडे ढुंकूनही न बघता एक फिकट, गुलाबीसर पिवळट वस्तू पुढे सरकवते. स्लिप असो, स्टॉकिंग्ज असोत, नाहीतर जखमेवरची पट्टी. तो रंग नक्की कोणाच्या कातडीचा? माझ्या खानदानात तरी कोणाचा नाही! पण हा प्रश्न ना तिला पडत, ना आपल्याला. आपण मुकाट्याने पैसे देतो आणि पुढच्या दुकानात शिरतो.

लंडनमधल्या एका पिटुकल्या बॅले कंपनीला मात्र हा प्रश्न पडला. आणि नुसता निषेध नोंदवून घरी न जाता त्यांनी आपल्या रंगाचे बूट बनवून घेतले. त्या बुटांची आणि त्या कंपनीची ही गोष्ट. (बॅले म्हटलं की 'आपला काय संबंध' म्हणून पान उलटू नका. आहे संबंध. सांगते.)

कंपनीचं नाव बॅले ब्लॅक. कॅसा पँचो नावाच्या मुलीनं २००१ साली ती सुरू केली. वडील त्रिनिदादचे, आई ब्रिटिश. कॅसा लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्समध्ये शिकत होती आणि प्रबंधासाठी तिला ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बॅलेरिनांच्या मुलाखती हव्या होत्या. शोधाशोध केली, तर सापडेचनात. आता, प्रोजेक्टला सॅम्पल मिळालं नाही तर आपण काय करतो? गाइडला भेटतो, चेहरा पाडतो आणि विषय बदलून घेतो. हिनं डिग्री घेतली आणि कंपनीच काढली. कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली मुलगी, हाताशी मूठभर डान्सर्स. कंपनीनं सुरुवातीपासून 'कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या डान्सर्ससाठी' अशी पाटी लावली. म्हणजे, अहो, आपणही त्यात आलोच की!

ध्येय वाचून तर मी थक्क झाले. मोठमोठ्या बॅले कंपन्यांमध्ये असे डान्सर्स इतक्या संख्येनं दिसावेत की बॅले ब्लॅकची कोणाला गरजच उरू नये. व्हिजन स्टेटमेंटमध्ये 'आमचं दुकान एक दिवस बंद पडो' असं लिहिणारी कंपनी तुम्ही पाहिलीय? मी नाही. आमच्याकडे पुढच्या पाच वर्षांच्या 'ग्रोथ'चे स्लाइड्स करता करता रात्रीचे दहा वाजतात.

पण बंद पडण्यासाठी आधी वाढावं लागतं. आणि वाढण्यासाठी त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर शाळा काढली. पश्चिम लंडनमधल्या शेफर्ड्स बुश या भागात २००२ मध्ये लहान मुलांसाठी बॅलेचे वर्ग सुरू झाले. यामागचं गणित साधं आहे. बॅले म्हणजे आपल्या शास्त्रीय गाण्यासारखं. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी सुरू केलं तर अठराव्या वर्षी काहीतरी हाती लागतं. कमरेपासून पाय बाहेर वळवायचा, तो तसाच ठेवून उडी मारायची आणि चेहऱ्यावर असं दाखवायचं की यात काही विशेष नाही. हे हाडं कोवळी असतानाच शिकायचं. मोठ्या कंपन्या म्हणायच्या, ऑडिशनला कृष्णवर्णीय मुली येतच नाहीत हो, आम्ही काय करणार! येतील कशा? दहा वर्षांपूर्वी त्यांना क्लासला कोणी बोलावलंच नव्हतं. आणि बोलावलं, तर शिकवणाऱ्या बाईंपासून भिंतीवरच्या पोस्टरपर्यंत आपल्यासारखं दिसणारं एकही माणूस नाही म्हटल्यावर मूल किती दिवस टिकणार?

यावर एक शंका हमखास येते. वेगळी चूल मांडून काय साधलं? सगळ्यांनी एकत्रच नाचावं ना! बोलायला छान आहे. पण ज्या घरात तुम्हाला ताटच वाढलं जात नाही, तिथे 'वेगळी चूल कशाला' हा प्रश्न त्या घरातल्यांनीच विचारावा, हे मला जरा जास्तच वाटतं.

आता पार्टनरशिपबद्दल. हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर दोन लोगो शेजारी शेजारी छापलेलं बॅनर, बुके आणि समोसे येतात. तीन महिन्यांनी त्या टाय-अपचं नावही कोणी काढत नाही. बॅले ब्लॅककडे मात्र स्वतःचं थिएटर नाही, स्वतःचा ऑर्केस्ट्रा नाही, आणि डान्सर्स आजही डझनाच्या आतबाहेरच. दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय पाऊलच टाकता येणार नाही अशी परिस्थिती. म्हणून त्यांच्या पार्टनरशिप्स खऱ्या ठरल्या असाव्यात. कोव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसच्या पोटात लिनबरी नावाचं एक छोटं थिएटर आहे. बॅले ब्लॅकचे प्रयोग तिथे लागू लागले. म्हणजे बॅलेच्या पंढरीत, पण मुख्य गाभाऱ्यात नव्हे, तळघरात! पुढे बार्बिकन सेंटरच्या मोठ्या रंगमंचावर नवी कामं येऊ लागली. मोठ्या घराला नवा प्रेक्षक मिळाला, छोट्या कंपनीला स्टेज, दिवे आणि तिकीट खिडकी. दोघांनाही गरज होती. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं.

पण या सगळ्यात मला भावली ती बुटांची पार्टनरशिप.

बॅलेरिना पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहते, ती पॉइंट शूजच्या जिवावर. बाहेरून नाजूक सॅटिन दिसतं, पण आत सगळा देशी मामला! कापड, तरट आणि कागद यांचे थर, मधे पिठाची खळ. बूट उलटा शिवायचा, सुलटा करायचा, हातानं ठोकून आकार द्यायचा आणि भट्टीत घालून कडक करायचा. लंडनची फ्रीड ही कंपनी १९२९ पासून हेच करतेय. तिथे प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण असते आणि ती बुटाच्या तळाला उमटवलेली असते. डान्सर्स आपल्या कारागिराला वर्षानुवर्षं सोडत नाहीत, आपण ब्लाउजच्या टेलरला सोडत नाही तसंच. एवढं करून बूट टिकतो किती? मुख्य भूमिका असेल तर कधी कधी एक प्रयोग. संपला. पुढची जोडी काढा.

आणि हे बूट फिकट गुलाबी का? पायाचा मोजा आणि बूट एकाच रंगाचे असले की पाय कमरेपासून बोटांच्या टोकापर्यंत एकसंध दिसतो, लांब दिसतो. बॅलेत त्या रेषेला फार महत्त्व. ज्या युरोपात हे सगळं ठरलं, तिथल्या कातडीच्या जवळचा रंग म्हणजे गुलाबी. बिनतोड लॉजिक! फक्त पाय सावळा किंवा काळा असला की तेच लॉजिक उलटं फिरतं. घोट्याशी रेष तोडल्यासारखी दिसते.

मग उपाय काय? पॅनकेक. तुमच्या-माझ्या शाळेच्या गॅदरिंगमधला तोच शब्द! बूट कोरे करकरीत आणायचे आणि स्पंजनं त्यांच्यावर आपल्या रंगाचं फाउंडेशन फासायचं. बॅले ब्लॅकची त्या वेळची आघाडीची डान्सर सिरा रॉबिन्सन हिला एका जोडीला पाऊण ते एक तास लागायचा. सॅटिनच्या चुण्यांमध्ये, शिवणीत, रिबिनींवर, सगळीकडे. आठवड्याला कितीतरी जोड्या आणि त्यासाठी मेकअपच्या ट्यूबा. तुमच्याबरोबरची कलीग नऊ वाजता येते आणि कामाला लागते. तुम्ही आठला येता, कारण तुम्हाला आधी तुमची खुर्ची रंगवायची असते. रोज. आणि टाइमशीटवर त्या तासाला कोड नाही.

गॅदरिंगचं निघालंच आहे म्हणून सांगते. चौथीत असताना आमचा कोळीनृत्याचा ग्रुप होता. मेकअपवाले काका एकच डबा घेऊन आले होते. त्यातला पॅनकेक त्यांनी सगळ्यांना सारखाच फासला. रांगेतल्या निम्म्या मुली गोऱ्यापान चेहऱ्याच्या आणि सावळ्या हातांच्या! माझा चेहरा तर फोटोत अजूनही वेगळा चिकटवल्यासारखा दिसतो. आता विचार करा, कोळीनृत्य. उन्हातान्हात समुद्रावर राबणाऱ्या बाया. त्यांना गोरं कशाला करायचं? पण त्या हॉलमध्ये हे कोणालाच विचित्र वाटलं नाही. आयांनाही नाही. उलट 'किती गोड दिसतायत' म्हणून टाळ्या. लंडनमध्ये पॅनकेक बुटाला स्वतःच्या रंगाचं करण्यासाठी लावतात आणि आपण तो स्वतःचा रंग घालवण्यासाठी लावतो, एवढाच काय तो फरक. 'फेअर अँड लव्हली'मधला 'फेअर' काढायला आपल्याकडे २०२० साल उजाडावं लागलं.

असो. तर सिरा मूळची अमेरिकन. बुटाला फाउंडेशन फासायला ती टीनएजमध्ये शिकली, न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेममध्ये. बॅले ब्लॅकची ही थोरली बहीणच म्हणा ना. न्यूयॉर्क सिटी बॅलेचा पहिला कृष्णवर्णीय प्रिन्सिपल डान्सर आर्थर मिशेल यानं मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर, १९६९ मध्ये ती सुरू केली. सुरुवातीला एका गॅरेजमध्ये वर्ग चालायचे. उकाडा म्हणून दरवाजे उघडे, आणि बाहेर बघणारी पोरं हळूहळू आत. याच कंपनीनं १९७४ पासून गुलाबी मोजे-बूट सोडून प्रत्येकीच्या कातडीला जुळणारा रंग स्टेजवर आणला. जगभर गाजलेली कंपनी. पण २००४ मध्ये कर्जापायी मुख्य ताफ्याला घरी बसवावं लागलं आणि तो पुन्हा उभा राहायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात, २००८ मध्ये, सिरा लंडनला बॅले ब्लॅकमध्ये आली. थोरलीचं असं झालेलं डोळ्यांसमोर असताना धाकटीनं पाय जपून टाकले नसते तरच नवल. मला तरी त्यांच्या छोटं राहण्यात हे शहाणपण दिसतं. मोठा ताफा, मोठी बिल्डिंग, मोठा खर्च या वाटेला ते गेलेच नाहीत. माणसं थोडी, कामं नवी, जागा दुसऱ्याची.

बुटांसाठी बॅले ब्लॅकनं फ्रीडकडेच शब्द टाकला. सिराचे पाय, तिचा रंग, कंपनीतल्या इतरांचे रंग, असं करत काम चाललं आणि २०१८ च्या अखेरीस फ्रीडनं दोन नवे रंग बाजारात आणले. बॅले ब्राँझ आणि बॅले ब्राउन. (अमेरिकेत गेनर मिंडन या कंपनीनं वर्षभर आधीच गडद छटा काढल्या होत्या, तेही सांगायला हवं.) फक्त दोनच? हो, दोनच. आपल्याकडे एका घरात चार छटा निघतात, त्यामुळे दोन रंगांत जग बसवलं असं कोणी म्हणू नये. पण हा एका स्टारसाठी केलेला खास बूट नव्हता. कॅटलॉगमध्ये नंबर असलेला, कुणालाही मागवता येईल असा माल होता. एरवी एखादी डान्सर कंपनीकडे जाऊन 'माझ्या रंगाचे द्या' म्हणाली, की उत्तर ठरलेलं, मागणी नाही. आणि बाजारात नाहीत म्हणून मुली फाउंडेशन फासणार, म्हणजे मागणी दिसणारच नाही. या गोल गोल चक्रात कोणीतरी पाचर मारावी लागते. एकट्या डान्सरला ते जमलं नसतं. कंपनीला जमलं.

पुढच्या वर्षी तर कमालच झाली. जून २०१९, ग्लास्टनबरी फेस्टिव्हल. रॅपर स्टॉर्मझी हा तिथला मुख्य कार्यक्रम करणारा पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश सोलो कलाकार. अंगात बँक्सीनं बनवलेलं, ब्रिटिश झेंडा रंगवलेलं जाकीट. आणि मध्येच स्टेजवर बॅले ब्लॅकचे डान्सर्स! मागच्या पडद्यावर सरळ शब्दांत माहिती, की बॅलेचे बूट आजवर काळ्या कातडीसाठी बनत नव्हते, मेकअप फासावा लागे, आता बनतात. बिअरचे ग्लास घेऊन नाचणाऱ्या पब्लिकला हे वाचायला लावायचं! अब्जावधीच्या अ‍ॅड कॅम्पेनला जे जमत नाही ते दोन मिनिटांत झालं. मला एवढंच आवडलं नाही की बातम्यांमध्ये त्या डान्सर्सचा उल्लेख बहुतेक ठिकाणी 'स्टॉर्मझीबरोबरचे' एवढाच.

तरी बुटांवरच ही गोष्ट संपली असती तर मी कॉलमभर लिहिलं नसतं. बूट घालून नाचायचं काय, हा खरा प्रश्न. जुन्या बॅलेंत हंस, पऱ्या, राजकन्या आणि शेकडो वर्षांची परंपरा. डझनभर डान्सर्स घेऊन 'स्वान लेक' करता येत नाही, सरोवरात हंसच कमी पडतात! त्यामुळे बॅले ब्लॅकनं जवळजवळ सगळं नवंच करवून घेतलं. आजवर पन्नासहून जास्त नवे बॅले. मजबुरीतून सुरू झालं असेल, पण हीच त्यांची ओळख झाली.

त्यातले दोन-तीन सांगते. 'द सूट', २०१८, कोरिओग्राफर कॅथी मार्स्टन. कॅन थेंबा या दक्षिण आफ्रिकन लेखकाच्या कथेवरून. नवरा घरी येतो, बायकोबरोबर दुसरा पुरुष. तो पळून जातो, त्याचा सूट खुर्चीवर राहतो. नवरा आरडाओरडा करत नाही. तो बायकोला सांगतो, हा सूट आता आपला पाहुणा. याला जेवायला वाढ. याला फिरायला ने. लोकांदेखत. रिकाम्या कोटाबरोबर एक बाई नाचतेय, आणि हळूहळू खचतेय. यात परी नाही, राजकन्या नाही. आपल्या वाड्यांतून, चाळींतून, आणि खरं सांगायचं तर टू बीएचके फ्लॅटांतूनही दिसणारा हा थंड, सभ्य छळ. संवाद एकही नाही.

मग २०१९ चा 'इंगोमा'. म्हणजे गाणं. हा कंपनीतल्याच डान्सरनं, म्थुथुझेली नोव्हेंबरनं बसवला. तो दक्षिण आफ्रिकेतल्या झोलानी नावाच्या टाउनशिपमधून आलेला. जेरार्ड सेकोटोचं खाणकामगारांचं एक चित्र आणि १९४६ चा तिथल्या कृष्णवर्णीय खाणकामगारांचा संप, यावरून त्याला हे सुचलं. बॅले, आफ्रिकन नृत्य, गाणं, सगळं एकत्र. आणि मागे राहिलेल्या बायका. मुंबईच्या गिरणी संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कुणालाही हा विषय परका वाटायचं कारण नाही. मोठ्यांच्या मांदियाळीत या छोट्या कंपनीच्या कामाला २०२० चं ऑलिव्हिए अवॉर्ड मिळालं, सर्वोत्तम नव्या नृत्यनिर्मितीचं. याच म्थुथुझेलीनं २०२३ मध्ये गायिका नीना सिमोनवर बॅले केला. नीनाला व्हायचं होतं शास्त्रीय पियानोवादक. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटनं तिला प्रवेश नाकारला आणि तो रंगामुळेच, असं तिनं आयुष्यभर मानलं. त्याच संस्थेनं तिला मानद पदवी दिली, २००३ मध्ये, मृत्यूच्या एक-दोन दिवस आधी. २०२५ मध्ये तर स्वतः कॅसानं लागोसमधल्या दोन बहिणींच्या कादंबरीवर बॅले केला. एक बहीण खून करते, दुसरी फरशी पुसते!

आता आपला संबंध. 'ये बॅले' हा सूनी तारापोरवालाचा सिनेमा २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. तो ज्यांच्यावर बेतलाय ती नवी मुंबईची दोन मुलं, मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह. एकाचे वडील टॅक्सी ड्रायव्हर, दुसऱ्याचे वेल्डर. येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन गुरूच्या हाताखाली मुंबईत शिकले. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. मनीषनंही पुढची वाट देशाबाहेर शोधली. गुणवत्ता होती, गुरू भेटला, नशीबही फळलं. पण पुढचा पगार, पुढचा रंगमंच, स्वतःसाठी बसवलेला नवा बॅले? तो द्यायला घराजवळ कोणी नव्हतं. एका मुलाला परदेशी पाठवायला वर्गणी जमते, पेपरात फोटो येतो. गल्लीत शाळा काढून ती वीस वर्षं चालवायला फोटोग्राफर येत नाहीत.

लंडनला ऑनसाइट जाणाऱ्यांनो, लिनबरीत त्यांचा प्रयोग लागला असेल तर पुढच्या रांगेचं तिकीट काढा. स्वस्तात मिळतं म्हणून मागचं काढू नका. खळीनं कडक केलेल्या त्या बुटांचा टकटक आवाज पुढच्या रांगेतच ऐकू येतो.